दामलेमामा : पाच समानांमधले एक

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचा जीवनपरिचय छापण्याची प्रथा आहे. आजवर लोकमान्य, महर्षी कर्वे, गाडगेबाबा अशा विभूतींवर आपल्या सभासदांनी लिहिले. यंदा संपादक मंडळाने हे काम माझ्याकडे सोपवले तेव्हा मी विष्णुपंत गोविंद दामले यांचे नाव सुचवले. बैठकीतल्या तरुण मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. मग मी 'संत तुकाराम' चित्रपटाचे नाव घेतले आणि लगेच ओळख पटली. घरोघरी तो चित्रपट ठाऊक आहे, तो करणारा माणूस मात्र विस्मरणात गेला आहे. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

पण कारण एवढेच नाही. दोन वर्षांपूर्वी आपल्या मंडळाचे ज्येष्ठ कार्यवाह आपल्याला सोडून गेले. सत्तावीस वर्षे त्यांनी उत्सवाची धुरा वाहिली होती. त्यांच्या जागी कोण, या प्रश्नावर कोणी पुढे येईना आणि कोणाला पुढे करावे यावर एकमत होईना. शेवटी ठरले की आता कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही, सगळे समान कार्यकर्ते. सगळे मिळून करू. ठराव मीच मांडला होता आणि टाळ्याही पडल्या होत्या. त्या वर्षी काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले. मोदकांची ऑर्डर दोघांनी दोन ठिकाणी दिली. माईकवाल्याला कोणीच सांगितले नव्हते. मुलांचे नाटक रात्री साडेदहाला उभे राहिले तेव्हा निम्मे मावळे आयांच्या मांडीवर झोपले होते. चूक कोणाची म्हणावी तर कोणाचीच नाही, कारण काम कोणाचेच नव्हते. गेल्या वर्षी तर उत्सव दहाऐवजी पाच दिवसांचा करावा का, इथपर्यंत चर्चा गेली.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. जिथे सगळे समान असतात तिथे नेतृत्व नकोच असते का? आणि हवे असेल तर ते कसे असावे? उत्तर शोधताना मी विष्णुपंत दामल्यांपाशी पोहोचलो. ते कसे, ते पुढे सांगतो.

पेणहून कोल्हापूरला

विष्णुपंतांचा जन्म १८९२ सालचा, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या पेणचा. पेण म्हटले की आपल्याला गणपतीच्या मूर्ती आठवतात. पेणच्या या मुलाचा जीवही रंगांत आणि हस्तकलेत रमला. पुढे तो कोल्हापूरला आला आणि आनंदराव व बाबूराव मेस्त्री या भावांच्या सहवासात आला. नाटकांचे पडदे रंगवण्यात या दोघांचा हातखंडा होता आणि त्यावरूनच लोक त्यांना पेंटर म्हणत. सिनेमा नावाची नवी जादू या भावांना खुणावत होती. परदेशी कॅमेरा घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हा कॅमेरा आपणच बनवायचा असे त्यांनी मनावर घेतले. आनंदरावांचे १९१६ मध्ये अकाली निधन झाले. बाबूरावांनी ते काम सोडले नाही आणि ते पुरे करताना दामले त्यांच्या बरोबर होते. लेथवर आणि भागांच्या जुळणीवर बसून बनवलेल्या त्या यंत्रातून महाराष्ट्र फिल्म कंपनीचा संसार उभा राहिला. १९२० चा 'सैरंध्री' हा त्या कंपनीचा गाजलेला पहिला मूकपट.

आपल्यापैकी पुष्कळांचे आयुष्य इथल्या कारखान्यांत गेले आहे. यंत्राचा एकेक भाग घासून, बसवून, पुन्हा काढून नीट करण्यात काय समाधान असते ते आपल्याला कोणी सांगायला नको. दामले मुळात त्या जातीचे होते. चित्रकाराचा डोळा आणि फिटरचा हात एकाच माणसात होता.

महाराष्ट्र फिल्म कंपनी ही गुरुगृहासारखी होती. बाबूराव पेंटर हे गुरू, बाकीचे शिष्य. कलामहर्षी ही पदवी लोकांनी त्यांना उगाच दिली नव्हती. त्यांचा शब्द अखेरचा असे आणि त्या शब्दाखाली मराठी चित्रपटाची एक अख्खी पिढी तयार झाली. कागलचे एस. फत्तेलाल हे तिथले कलाकार, दामल्यांचे जिवलग. केशवराव धायबर हेही तिथलेच. १९२० च्या सुमारास शांताराम वणकुद्रे नावाचा विशीच्या आतबाहेरचा मुलगा पडेल ते काम करायला तिथे आला आणि पाहता पाहता पुढे गेला. व्ही. शांताराम ते हेच. १९२७ मध्ये शांताराम आणि धायबर यांच्याकडे 'नेताजी पालकर'चे दिग्दर्शन आले, तर १९२८ मध्ये दामले आणि फत्तेलाल यांनी मिळून 'कर्ण' दिग्दर्शित केला. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

पाच बरोबरीचे भागीदार

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सराफीच्या व्यवसायातले सीतारामपंत कुलकर्णी असे पाच भागीदार. तुतारी फुंकणारी ती ललना आपल्याला आठवत असेलच. तीच या कंपनीची ओळख.

गुरूच्या घरातून बाहेर पडलेल्या या मंडळींनी नवा गुरू नेमला नाही. पाचही जण बरोबरीचे भागीदार झाले. मालक एक आणि नोकर बाकीचे, ही त्या काळची सर्रास रीत. तिच्याशेजारी ही मांडणी ठेवून पाहिली म्हणजे तिचे वेगळेपण कळते.

आता एक साधे गणित करू. १९२९ मध्ये दामले सदतीस वर्षांचे होते, शांताराम तिशीच्याही आत होते. दामले आणि फत्तेलाल यांच्या नावावर आदल्याच वर्षीचा एक चित्रपट होता. हाताशी कला होती, वय होते, अनुभव होता, शिवाय दोघे एकजीव. तरीही प्रभातच्या पहिल्या 'गोपाळकृष्ण'चे दिग्दर्शन शांतारामांकडे गेले. पुढची सात वर्षे दामले आणि फत्तेलाल दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसले नाहीत. फत्तेलालांनी नेपथ्य आणि कला सांभाळली, धायबरांनी कॅमेरा, कुलकर्ण्यांनी पैशांचा व्यवहार. दामल्यांनी तांत्रिक बाजू आणि स्टुडिओची घडी आपल्याकडे घेतली.

मला वाटते, प्रभातच्या यशाची किल्ली या सात वर्षांत आहे. समान दर्जाच्या माणसांत सर्वांत अवघड गोष्ट कोणती? आपल्यालाही येणारे काम दुसरा अधिक चांगले करतो आहे हे ओळखणे, आणि मग त्याच्या वाटेत न येणे. वयाने मोठ्या माणसाला तर ते दुप्पट अवघड. थोरल्याने खुर्ची घेतली असती तर कोणी अडवले नसते. न घेतल्यामुळे कंपनीला शांताराम मिळाले आणि शांतारामांना मोकळे अंगण मिळाले.

आवाजाची खोली

मार्च १९३१ मध्ये मुंबईत 'आलम आरा' पडद्यावर बोलू लागला आणि मूकपटांचा धंदा रातोरात जुना झाला. कित्येक कंपन्या तिथेच आटोपल्या. प्रभातने १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' काढला. मराठीतला हा पहिला बोलपट. त्याची हिंदी आवृत्तीही बरोबरच निघाली. दुर्गाबाई खोटे आणि गोविंदराव टेंबे यांच्या त्यात भूमिका होत्या. या चित्रपटाचे ध्वनिमुद्रण दामल्यांनी केले.

चाळिशीला टेकलेला, रंग आणि लाकूड यांत वाढलेला हा माणूस नव्या यंत्रापुढे विद्यार्थी होऊन बसला. ध्वनिमुद्रणाच्या कामाचा स्वभाव ज्यांना ठाऊक आहे ते जाणतात की तिथे पद चालत नाही, कान चालतो. अभिनय अप्रतिम झाला, प्रकाश जमला, दिग्दर्शक खूश झाला. पण शब्द फाटला किंवा मागे कुठे पाटी पडली, तर आवाजाच्या खोलीतला माणूस नकारार्थी मान हलवतो आणि सगळे पुन्हा करावे लागते. त्या क्षणी नेता तो असतो. दृश्य सुरू झाले की नेता दिग्दर्शक, सेट उभा राहत असताना कलादिग्दर्शक, रिळे धुतली जात असताना रसायनांच्या खोलीतला माणूस.

माझ्या मते हेच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. सगळे समान असले म्हणून नेतृत्व नाहीसे होत नाही. कामाप्रमाणे ते एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते. न्यूयॉर्कमध्ये १९७२ साली स्थापन झालेला ऑर्फियस नावाचा वाद्यवृंद आहे. त्यात कंडक्टरच नाही. पण म्हणून वाटेल तो वाटेल तसे वाजवत नाही. प्रत्येक रचनेसाठी त्यांच्यातलेच काही वादक पुढाकार घेतात. रचना बदलली की पुढाकार घेणारेही बदलतात. आपल्या जवळच मैहरला उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी वाद्यवृंद घडवला तो वेगळ्या रीतीने. तिथे एक गुरू आणि त्याच्या हाताखाली तयार झालेली मुले. दोन्ही रीतींनी उत्तम संगीत होते. पण पहिल्या रीतीत कोणत्या रचनेला कोण पुढे, हे आधी ठरलेले असावे लागते. आमच्या मोदकांचे नेमके तेच ठरलेले नव्हते.

पुणे, आणि 'संत तुकाराम'

१९३३ मध्ये प्रभात पुण्याला आली. शहराच्या तेव्हाच्या सीमेवर मोठा स्टुडिओ उभा राहिला. कलावंत आणि कामगार महिन्याच्या पगारावर होते आणि एकाच आवारात काम करत. 'अमृतमंथन', 'धर्मात्मा', 'अमरज्योती' असे एकाहून एक चित्रपट शांतारामांनी इथून दिले. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात शिस्त राखण्याचे न दिसणारे काम पुष्कळसे दामल्यांच्या वाट्याला आले. मितभाषी आणि शिस्तीचे अशी त्यांची ख्याती होती. कंपनीत सगळे त्यांना दामलेमामा म्हणत आणि फत्तेलालांना साहेबमामा. या नात्याच्या नावांत मला बरेच काही दिसते. मामाचा धाक असतो, पण मामा घरातला मालक नसतो.

आणि मग १९३६ मध्ये ही जोडी सात वर्षांनी दिग्दर्शनाला बसली. चित्रपट होता 'संत तुकाराम'. कथा-पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचे. शांताराम आठवले यांनी त्यासाठी लिहिलेली रचना इतकी तुकोबांच्या वळणाची उतरली की जाणकारांनाही ती मूळ गाथेतली वाटली. तुकोबांच्या भूमिकेला विष्णुपंत पागनीस घेतले. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे म्हणून ते लोकांना ठाऊक होते. आवली झाल्या गौरीबाई. त्या नामवंत नटी नव्हत्या. स्टुडिओत साध्या कामाला लागून हळूहळू छोट्या भूमिकांकडे आलेल्या होत्या. आज तो चित्रपट पाहताना आवलीच कित्येकदा तुकोबांच्या पुढे निघून जाते. म्हैस, चूल, पोरांची भूक आणि घरात न लक्ष देणारा देवभोळा नवरा, हे सगळे त्या बाईच्या बोलण्यात जिवंत होते. तिच्यात ही आवली आहे हे ज्याने हेरले, त्याची नजर माणसाच्या पदावर नव्हती.

मुंबईच्या सेंट्रल सिनेमात हा चित्रपट ५७ आठवडे चालला. गावोगावचे लोक बैलगाड्या जोडून तो पाहायला येत, असे जुनी माणसे सांगत. १९३७ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. पेणचा एक चित्पावन आणि कागलचा एक मुसलमान, या दोघांनी मिळून वारकऱ्यांचा तुकोबा पडद्यावर आणला आणि वारकऱ्यांनी तो आपला मानला. पुढे 'गोपाळकृष्ण' (१९३८) आणि 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) हेही या जोडीने दिले. 'संत सखू' (१९४१) मध्ये त्यांच्या बरोबरीला राजा नेने होते. म्हणजे खालच्या फळीतल्या माणसाला हाताशी धरून वर आणण्याची रीत इथेही दिसते.

याच काळात शांताराम 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' काढत होते. त्यांचे चित्रपट आजच्या समाजाचे, आवाज चढा, कॅमेरा धाडसी. दामले-फत्तेलालांचे चित्रपट संथ, साधे. एकाच छताखाली दोन वेगळ्या प्रकृती नांदत होत्या आणि दोन्हींना पूर्ण साधने मिळत होती. एकाने दुसऱ्याला आपल्यासारखे व्हायला लावले नाही. १९३६ ते १९४१ ही प्रभातची सर्वांत समृद्ध वर्षे ठरली, यात मला आश्चर्य वाटत नाही.

माझी एक जुनी चूक

इथे थोडे विषयांतर करतो. मी इथल्या एका कारखान्यात पस्तीस वर्षे नोकरी केली. नव्वदच्या दशकात आमच्या शॉपमध्ये क्वालिटी सर्कल सुरू झाले. आठ जणांचा गट. फोरमन, चार्जमन, टर्नर सगळे एका टेबलाभोवती, सगळ्यांचे मत सारखे. गटाचा प्रमुख असा कोणी नव्हता, पण वयाने आणि हुद्द्याने मी मोठा. दर बैठकीत पहिला मीच बोलायचो. मला वाटे, मी मार्ग मोकळा करतो आहे. एकदा एका भागाची मापे सारखी चुकत होती. मी पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकले की टूलचा दोष आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. टूल बदलले, काम चालू राहिले आणि दीड महिन्यानंतर अख्खा लॉट रिजेक्ट झाला. फिक्स्चरची पिन झिजली होती. गटातल्या सर्वांत लहान टर्नरला ते पहिल्या दिवसापासून माहीत होते. का बोलला नाहीस, असे विचारले तर तो खाली पाहत म्हणाला की आपण आधीच सांगितले होते, साहेब.

त्या मुलाचा चेहरा मी विसरलेलो नाही. टेबल गोल असले म्हणून माणसे समान होत नाहीत. ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याने तो आधी वापरला की बाकीचे शब्द घशातच राहतात. दामल्यांची ती सात वर्षे वाचली तेव्हा मला माझी पाच मिनिटे आठवली.

तडा

चरित्र लिहिताना फक्त गोडवे गायले तर ते चरित्र राहत नाही. म्हणून उरलेली कथाही सांगितली पाहिजे.

पाच जणांची ही मोट कायम टिकली नाही. तिशीच्या दशकाच्या उत्तरार्धात धायबर बाहेर पडले. वितरणाच्या धंद्यातले बाबूराव पै भागीदार झाले. चाळिशीच्या सुरुवातीला शांताराम आणि इतर भागीदार यांच्यातले मतभेद मिटेनासे झाले आणि १९४२ मध्ये शांतारामांनी प्रभात सोडून मुंबईत राजकमल कलामंदिर सुरू केले. कोण बरोबर आणि कोण चूक, याचा निवाडा ऐंशी वर्षांनंतर जबलपुरात बसून मी करणे शोभणार नाही. पण बाहेरून पाहताना एक गोष्ट जाणवते. काम कोणाचे हे प्रभातमध्ये ठरलेले होते. मात्र दोन बरोबरीच्या माणसांचे पटेनासे झाले तर अखेरचा शब्द कोणाचा, हे ठरलेले असल्याचे दिसत नाही. स्नेह होता, परस्परांविषयी आदर होता, तोवर त्याची गरजच पडली नाही. गरज पडली तेव्हा उशीर झाला होता.

शांताराम गेल्यावरही कंपनी लगेच खचली नाही. १९४४ मध्ये 'रामशास्त्री' आला. त्याचे दिग्दर्शन विश्राम बेडेकर, राजा नेने आणि गजानन जागीरदार अशा तिघांच्या हातून झाले. रामशास्त्र्यांची भूमिकाही जागीरदारांचीच. इतक्या हातांतून जाऊनही चित्रपट एकसंध उतरला. कामाची जुनी घडी अजून शाबूत असल्याची ती खूण होती.

१९४५ मध्ये दामलेमामा गेले. वय अवघे बावन्न. त्यांच्यानंतर प्रभातने चित्रपट काढले. १९४६ च्या 'हम एक हैं'मधून देव आनंद नावाचा तरुण पहिल्यांदा पडद्यावर आला तो इथूनच. पण पूर्वीचे तेज परतले नाही आणि १९५३ मध्ये कंपनीचा कारभार थांबला. साहेबमामा १९६४ पर्यंत होते. ज्या आवारात हे सगळे घडले तिथे १९६० मध्ये सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था सुरू केली आणि ती आजही तिथेच आहे. मुलाकडे पुण्याला गेलो की मी प्रभात रस्त्याने फिरायला जातो. रस्त्याच्या नावात तरी ती पहाट शिल्लक आहे.

हे सारे पाहून मला दामल्यांच्या नेतृत्वाचे बळही दिसते आणि त्याची मर्यादाही. स्वतः मागे राहून चार माणसांना पुढे जाऊ देणे हे त्यांना साधले. तो तोल त्यांच्या आणि साहेबमामांच्या स्वभावात होता. पण स्वभाव वारसा म्हणून देता येत नाही. तो नियमात, वहीत, रीतीत उतरवावा लागतो. ते राहून गेले असावे.

दिंडीतला वीणेकरी

शेवटी पुन्हा तुकोबांकडे येतो. आपल्यापैकी ज्यांनी आषाढीची वारी केली आहे त्यांना ठाऊक आहे की दिंडीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात. तिथे सगळे माउली. पण म्हणून दिंडी विस्कळीत चालत नाही. कोणती दिंडी रथाच्या पुढे, कोणती मागे, हे ठरलेले असते. चोपदाराने दंड उंचावला की हजारो टाळ एका क्षणी थांबतात. आणि ज्याच्या गळ्यात वीणा असते त्याचा मान वीणेपुरता. ती दुसऱ्याच्या गळ्यात गेली की मानही तिकडे जातो. समानता आणि शिस्त यांत आपल्या संतांना कधी विरोध दिसला नाही. दामले-फत्तेलालांनी वारकऱ्यांवर चित्रपट काढले हा मला केवळ योगायोग वाटत नाही.

या वर्षी मंडळाच्या पहिल्या बैठकीत मी माझा दोन वर्षांपूर्वीचा ठराव मागे घेतला नाही. सगळे समान, हे तसेच राहू दे. फक्त तीन गोष्टी त्याला जोडाव्या असे सुचवले आणि आपण सर्वांनी त्या मान्य केल्या. पहिली, प्रत्येक कामापुढे वहीत एकच नाव लिहायचे आणि त्या कामात अखेरचा शब्द त्याच नावाचा. वयाने कोणी कितीही मोठा असो. दुसरी, बैठकीत सर्वांत तरुण सभासदाने आधी बोलायचे आणि माझ्यासारख्यांनी सर्वांत शेवटी. तिसरी, दोघांचे पटले नाही तर काय करायचे ते भांडण होण्याआधी ठरवायचे: एका बैठकीत मिटले नाही तर पुढच्या बैठकीत मतदान, आणि त्यानंतर विषय बंद.

वही सांभाळण्याचे काम मी मागून घेतले आहे. कोणाला हुकूम सोडण्यासाठी नाही. कोणाचे काम अडले, कोण एकटा पडला, कोणाला मदत हवी, एवढे रोज पाहण्यासाठी. आपले दिवंगत कार्यवाह सत्तावीस वर्षे हेच करत होते, हे मला आता कळते. आम्हाला वाटायचे ते मंडळ चालवतात. ते तर ओंजळ धरून उभे होते.

यंदा नाटकाची जबाबदारी एका अकरावीतल्या मुलीकडे आहे. तालमीला मी एकदाच गेलो, मागच्या सतरंजीवर बसलो. तिने एक प्रवेश असा बसवला होता की मला तो मुळीच पटला नाही. पस्तीस वर्षांची सवय जिभेवर आली होती. पण दामलेमामांची आठवण ठेवून मी गप्प राहिलो. नाटक चौथ्या दिवशी, संध्याकाळी बरोबर सात वाजता आहे. प्रवेश कसा झाला ते आपणच येऊन पाहावे. माईकवाल्याला सांगितलेले आहे.

गणपती बाप्पा मोरया!

— मंडळाचा एक जुना कार्यकर्ता, जबलपूर